चौऱ्याऐंशीचा फेरा

बँकेतल्या बोरसेबाईंनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला:
सात वर्षं, चौऱ्याऐंशी हप्ते.
आई म्हणाली, म्हणजे फेराच की!
बाई हसल्या, मीही हसले.
सहीचं पेन सुतळीने टेबलाला बांधलेलं.

घेतले होते आठ लाख वीस हजार.
पुण्यात दोन वर्षं मी हॉस्पिटल चालवायला शिकत होते
तेव्हा तेही शिकत होते, वाढायला.
माझ्याहून हुशार निघाले,
मला नोकरी लागेपर्यंत दहाला टेकले.

माहितीपत्रकात होतं, सरासरी पॅकेज सहा लाख.
सरासरी मी दोन सत्रं शिकले,
कळली नंतर:
वर्गातला एक जण दुबईला गेला
आणि आम्ही सगळे त्याच्या पगारात
थोडे थोडे श्रीमंत झालो, कागदावर.

मी मुंबई नाक्यावर.
सहायक व्यवस्थापक, रुग्णसेवा. गळ्यात निळी फीत.
हातात येतात बावीस हजार चारशे,
पाच तारखेला जातात सोळा हजार आठशे एकसष्ट,
उरतात पाच हजार पाचशे एकोणचाळीस.
सिटीलिंकचा पास, मोबाईल, डबा घरचा,
आणि पाचवीला पुजलेली ही वजाबाकी.

शेजारच्या खिडकीत रोहिणी आहेर.
नुसती बी.कॉम., अकरा वर्षं बिलिंगला,
माझ्याहून तीन हजार जास्त, कर्ज शून्य.
ती मला मॅडम म्हणते
आणि विमावाल्यांशी फोनवर कसं भांडायचं ते शिकवते.
एकदा चहा ओतता ओतता विचारलंच तिने,
"मग तिकडे नेमकं काय शिकवलं गं?"
सांगते म्हणाले,
आणि दिवसभर आठवत बसले.

गेल्या महिन्यात पेठकडचे भोये,
आश्रमशाळेत स्वयंपाकी.
बायकोचं बिल उलटं धरून पाहिलं,
मग सुलटं.
दोन्हीकडून तेवढंच.
मी मागून घेतलं. तिसरं पान.
व्हेंटिलेटर, तीन दिवस, दोनदा:
एकदा वॉर्डच्या नोंदीत, एकदा पॅकेजच्या पोटात.
हे मला दिसलं, कारण दुसऱ्या सत्रात
जेवणानंतरच्या तासाला, पंखा बंद असताना,
मी झोपले नव्हते.

अठरा हजार सहाशे कमी झाले.
माझ्या हप्त्याहून एक हजार सातशे एकोणचाळीस जास्त.
भोयेंनी आभार वगैरे मानले नाहीत,
बाकड्याखाली बायकोची दुसरी चप्पल शोधायला वाकले.
साहेबांनी बिलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा बिलाकडे.
पगारात काही हललं नाही.

रात्री वही उघडली, जमा आणि खर्च.
अठरा हजार सहाशे कुठे लिहायचे?
माझे नाहीत, पण माझ्याशिवायही नाहीत.
दोन रकान्यांमधल्या रेषेवर
पेन टेकवून ठेवलं, तिथे एक ठिपका झाला.

बाबांनी नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं
न कापलेले ताव तपासले.
शाई फुटली, क्रमांक सरकला, की बाद.
दिवसभर लाखो डोळ्यांखालून,
आणि संध्याकाळी गेटवर खिसे दाखवून
जेल रोडने सायकलवर घरी.
रक्कम कधी दिसलीच नाही म्हणतात,
दिसायची ती छपाई.

त्यांना पगाराची चिठ्ठी दाखवायला नको होती मी.
त्यांनी ती सवयीने खिडकीच्या उजेडात धरली,
चष्मा कपाळावर, एक डोळा बारीक.
आकड्यांतून पलीकडचा तारेवरचा टॉवेल दिसत होता.
मी उभी, दहावीच्या निकालाला उभी होते तशी.

अजून त्र्याहत्तर बाकी, असं म्हणाले नाहीत.
घेतलंस ते चूक की बरोबर, तेही नाही.
"प्रिंटरची शाई संपत आलीये," म्हणाले,
"सांग त्यांना."